मोकळं आहे, या

गच्ची गळायला लागली आणि शिक्षा अँटेनाला झाली.

इमारतीच्या सेक्रेटरींनी जिन्यात सूचना लावली की गच्चीवर गळतीचं काम सुरू होत आहे, तरी सर्व रहिवाशांनी तिथल्या आपापल्या वस्तू उतरवून घ्याव्यात. गच्चीवर वस्तू एकाच रहिवाशाची होती. पण सेक्रेटरी सभ्य गृहस्थ. एखाद्याला नाव घेऊन बोलण्यापेक्षा ते सगळ्या इमारतीला बोलत.

तो रहिवासी म्हणजे कवळी. हे अर्थातच त्याचं खरं नाव नव्हे. तो दातांच्या लॅबमध्ये कामाला होता. डॉक्टरांकडून आलेल्या साच्यांवरून दिवसभर लोकांचे खोटे दात घडवायचे आणि संध्याकाळी घरातल्या छोट्या खोलीत बसून व्हीएचएफच्या रेडिओ सेटवर बोलायचं, असं त्याचं आयुष्य होतं. हौशी रेडिओवाल्यांना एकमेकांना नावं ठेवल्याशिवाय चैन पडत नाही. बेकरी चालवायचा तो बेकरी, शाळेतून निवृत्त झालेले ते मास्तर, आणि हा कवळी. हे नाव बायकोलाही आवडलं होतं. ती ते फक्त चारचौघांत वापरायची.

अँटेना उतरवून त्यानं घरात आणली आणि पॅसेजमध्ये भिंतीशी उभी केली. एक लांब नळी आणि तिच्यावर ओळीनं आडव्या ॲल्युमिनियमच्या काड्या. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या काड्यांवर मोजे वाळत होते.

"ही अँटेना आहे," कवळी म्हणाला.

"होती," बायको म्हणाली. "आता उपयोगाची आहे."

बायको ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवायची. दिवसभर अनोळखी माणसांच्या शेजारी बसायचं, ते आपल्याला कशावर तरी नेऊन आदळणार हे पक्कं माहीत असूनही शांत आवाजात सूचना देत राहायचं, हा तिचा धंदा. त्यामुळे घरी आल्यावर तिची अपेक्षा फार नव्हती. बोललेलं कोणीतरी ऐकावं, एवढीच. स्वयंपाकघरात काम करता करता ती दिवसभराचं सांगायची, आणि मधेच विचारायची, "ऐकतोयस ना?" छोट्या खोलीतून उत्तर यायचं, "हं."

हा 'हं' म्हणजे दाराबाहेर काढलेल्या चपलांसारखा होता. माणूस आत आहे एवढं कळायचं, बाकी काही नाही. कवळीला हे माहीत होतं. त्याचं बायकोवर प्रेम होतं, तिच्यासाठी तो जीवही द्यायला तयार होता. फक्त संध्याकाळी नेटच्या वेळेला नाही.

नेट म्हणजे हजेरी. रोज संध्याकाळी शहरातले सगळे रेडिओवाले एका ठरलेल्या फ्रिक्वेन्सीवर यायचे आणि मास्तर एकेकाला हाक मारायचे. मास्तरांचे नियम कडक. दोघांच्या बोलण्यामध्ये श्वासाएवढी फट ठेवायची, कोणाला मधे काही सांगायचं असेल म्हणून. समोरच्याचा आवाज कसा येतो ते खरं सांगायचं, मन राखायला खोटं नाही. आणि सगळ्यात मोठा नियम: मोकळ्या दिसणाऱ्या फ्रिक्वेन्सीवर बोलण्याआधी तीनदा विचारायचं, "इथं कोणी आहे का?" कोणी असेल तर त्यानं सांगायचं, "आहे." मग आपण माफी मागून निघायचं. तीनदा विचारूनही उत्तर आलं नाही, तर जागा आपली. आणि आपण निघायच्या बेतात असताना कोणी विचारलं, तर म्हणायचं, "मोकळं आहे, या."

हे मास्तरांच्या अंगात इतकं मुरलं होतं की बागेतल्या रिकाम्या बाकावर बसण्याआधीही ते तीनदा विचारत. बायको त्यांची हुबेहूब नक्कल करायची. बाथरूमच्या दाराशी उभी राहून, हात मागे बांधून, अतिशय गंभीर आवाजात: "इथं कोणी आहे का?"

अँटेना खाली आल्यापासून कवळी गॅलरीत उभा राहून हातातल्या छोट्या सेटवरून हजेरी लावायचा. एकदा तो आणि बेकरी एकाच वेळी बोलले. मास्तरांना फक्त बेकरी ऐकू आला.

"माझा आवाज दबला वाटतं," कवळी नंतर म्हणाला.

"दबला नाही," मास्तर म्हणाले. त्यांना शिकवायची संधी मिळाली होती. "हे एफएम आहे. इथं दोघं एकदम बोलले तर सरमिसळ होत नाही, गोंगाट होत नाही. ज्याचा जोर जास्त तो ऐकू येतो, स्वच्छ. आणि दुसरा दबत नाही, कवळी. दुसरा नसतोच."

"म्हणजे बेकरीनं मला खाल्लं."

"आणि ढेकरही दिला नाही," बेकरी म्हणाला.

•

रविवारी दुपारी बायको शिकवणीला गेली होती. कवळीनं मोठा सेट उघडला. माइकच्या जोडणीत काहीतरी सैल झालं होतं. ते त्यानं सोल्डर करून घट्ट केलं. आता बोलून बघायला हवं होतं.

असं तपासायला डमी लोड असतो. कवळीचा घरगुती होता: रंगाच्या रिकाम्या डब्यात तेल, तेलात बुडवलेला एक जाडजूड रेझिस्टर आणि झाकणातून वर आलेली केबल. अँटेनाच्या जागी हा डबा जोडायचा. सेट जे काही बोलेल ते डबा गिळतो आणि त्याची नुसती ऊब करतो. बाहेर काही जात नाही. गेलंच तर शेजारच्या कपाटापर्यंत. कवळीचे सासरेही याच तत्त्वावर चालत.

त्यानं बटण दाबलं आणि सवयीनं म्हणाला, "इथं कोणी आहे का?"

बटण सोडलं. शांत.

"इथं कोणी आहे का?"

"आहे," कोणीतरी म्हणालं.

"माफ करा," कवळी म्हणाला, सेट बंद केला आणि पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेला.

अर्धा पेला पिऊन झाल्यावर त्याला पॅसेजमधली अँटेना दिसली. ती जिथं होती तिथंच होती. काड्यांवर त्याचेच मोजे वाळत होते.

त्यानं पेला हळूच खाली ठेवला.

कवळी भित्रा नव्हता. लोकांचे जबडे हातात घेऊन दिवस काढणारा माणूस सहसा भित्रा राहत नाही. त्यानं बेकरीला फोन लावला.

"तू आता माझ्याशी डब्यातून बोललास का?"

"मी बिस्किटांच्या डब्याशी बोलतो," बेकरी म्हणाला. मागे भट्टीचा आवाज येत होता. "डब्यातून बोलायची वेळ अजून आली नाही. का रे?"

"काही नाही. मशीनची गंमत."

मग त्यानं रेडिओवाला जे करतो ते केलं. छोटा सेट हातात घेऊन तो घरभर फिरला. स्वयंपाकघरात काही नाही. पॅसेजमध्ये काही नाही. छोट्या खोलीच्या दारात काही नाही. दाराच्या आत एक पाऊल टाकलं की जोर दाखवणारा काटा एकदम उजव्या टोकाला जाऊन टेकायचा आणि तिथंच राहायचा. कोणी बोलत नव्हतं. पण कोणीतरी बटण दाबून धरलं होतं.

त्यानं खुर्ची ओढली आणि मोठा सेट सुरू केला.

"आपण कुठून बोलताय?"

"इथून."

"माझा आवाज कसा येतो?"

"स्वच्छ. पूर्ण जोर. शेजारी बसल्यासारखा."

त्या आवाजाला खरखर नव्हती. कितीही चांगल्या स्टेशनच्या मागे बारीक फुसफुस असते, खोलीची, पंख्याची, श्वासाची. इथं शब्द संपला की लगेच काही नाही. आवाज कुठल्याच वयाचा वाटत नव्हता. नुकताच कागदातून काढल्यासारखा कोरा होता.

कवळीनं केबल डब्यापासून सोडवली. आवाज गेला. परत जोडली.

"आहे," आवाज म्हणाला, जणू त्यानं विचारलंच होतं.

•

हे त्यानं कोणाला सांगितलं नाही. काय सांगणार? डब्यात माणूस सापडला, पण सज्जन आहे?

कारण सज्जन तो होताच. कवळी त्याच्याशी रोज थोडं बोलायला लागला, नेट संपल्यावर. जगात इतके रेडिओवाले आहेत. चंद्रावरून आवाज परतवून बोलतात, उल्का पडताना तिच्या शेपटीवरून बोलतात. त्यातल्या एकालाही डब्यातून उत्तर आलं नव्हतं. कवळीला भीती वाटायच्या आधी अभिमान वाटला, आणि तिथंच घोळ झाला.

आवाज स्वतःबद्दल काही सांगायचा नाही. ऐकायचा. कवळी लॅबमधलं सांगायचा, समोरचे दात मागे आणि मागचे पुढे लावून पाठवलेल्या कवळीचं सांगायचा, तिच्या मालकानं दुसऱ्याच दिवशी "आता बरं वाटतं" असं कळवल्याचं सांगायचा. आवाज प्रत्येक गोष्ट शेवटपर्यंत ऐकून घ्यायचा. मग एकदा त्यानं स्वतःहून विचारलं.

"मघाशी कोणी बोलावलं?"

"कधी?"

"'ऐकतोयस ना' म्हणून."

"ती माझी बायको."

"तिला उत्तर कोण देतं?"

"मीच देतो," कवळी म्हणाला. मग मास्तरांचा नियम आठवून खरं ते सांगितलं. "म्हणजे, 'हं' म्हणतो."

"पूर्ण जोरानं?"

कवळी हसला. आवाज हसला नाही. त्यानं उत्तराची वाट पाहिली.

"जेमतेम," कवळी म्हणाला.

"ती काय सांगत होती?"

कवळीला आठवेना. आताच, पाच मिनिटांपूर्वी, भिंतीपलीकडे ती काहीतरी बराच वेळ सांगत होती.

"घाटात गाडी मागे घसरायला लागली तेव्हाचं," आवाज म्हणाला. "शिकणाऱ्या बाईनं स्टिअरिंग सोडून डोळ्यांवर हात घेतले. हिनं ब्रेक दाबला. नंतर हिचे पाय थरथरत होते, आणि ते त्या बाईंना दिसू नयेत म्हणून ही गाडीतून उतरलीच नाही."

कवळीनं डब्याला हात लावला.

डबा कोमट होता. कवळी आज फारसा बोललाच नव्हता.

•

त्यानंतर दोनतीन संध्याकाळी त्यानं सेट लावलाच नाही. बायको सांगत असताना तो स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभा राहिला. तिनं विचारलं, "काय पाहिजे?" तो म्हणाला, "काही नाही." तिनं विचारलं, "मग असा का उभा आहेस, वसुलीला आल्यासारखा?" तो परत आत गेला. सवय दोघांनाही नव्हती.

चौथ्या की पाचव्या दिवशी त्यानं माइकची जोडणी परत घट्ट करायला घेतली. पान वाढून झालं होतं. बायकोनं हाक मारली, "ये रे. ऐकतोयस ना?"

"हं," कवळी म्हणाला. तोंडात दोन स्क्रू होते. शेवटचा पिळला, माइक हुकाला लावायला उचलला, आणि सेटमधून आवाज आला.

"इथं कोणी आहे का?"

पद्धतशीर. स्वच्छ. कवळीला कौतुक वाटलं. मास्तर खूश झाले असते.

"इथं कोणी आहे का?"

आता यात कवळीची चूक काढायची तर काढता येईल. पण इतकी वर्षं रोज जो नियम पाळला, तो विचार करून पाळला जात नाही. शिंक आल्यावर जसा हात तोंडावर जातो तसं त्याचं बोट बटणावर गेलं. तो निघालाच होता. पान वाढलेलं होतं.

"मोकळं आहे, या," कवळी म्हणाला. "मी निघतोय."

"आभारी आहे," आवाज म्हणाला.

•

दुसऱ्या दिवशी सकाळी बायको बुटाची नाडी बांधता बांधता म्हणाली, "काल बरं वाटलं मला."

"कशाचं?"

"तू विचारलंस ते. पाय अजून थरथरतात का म्हणून."

कवळीनं असं काही विचारलं नव्हतं. काल रात्री जेवून तो सरळ झोपला होता. पण ती त्याच्याकडे अशी बघत होती, की तसं तिनं बऱ्याच दिवसांत बघितलं नव्हतं. ती नजर उगीच परत कशाला करायची?

"हं," कवळी म्हणाला, आणि श्रेय घेतलं.

त्याच आठवड्यात गच्चीचं काम संपलं. सेक्रेटरींनी जिन्यात सर्व रहिवाशांना परवानगी दिली. कवळीनं मोजे उतरवले, अँटेना वर चढवली, केबल खोलीत आणली, डबा टेबलाखाली सरकवला. संध्याकाळी हजेरी सुरू झाली.

"कवळी?" मास्तरांनी हाक मारली.

"आहे, मास्तर. अँटेना आजच वर गेली. कसा येतोय सांगा."

त्यानं बटण सोडलं. क्षणभर फट. मग मास्तर म्हणाले, "वा. काय आवाज आलाय तुमचा, कवळी. पूर्ण जोर. आणि छान सांगितलंत. माणसाला घरी ऐकणारं कोणी असलं की घर दोन खोल्यांनी वाढतं. अगदी खरं आहे."

कवळी माइककडे बघत राहिला.

"मास्तर, हे मी बोललो नाही."

"हो हो, जरूर," मास्तर म्हणाले, "वहिनींना आमचा नमस्कार सांगा. बेकरी?"

"आहे," बेकरी म्हणाला. "कवळी, लेका, भट्टीसमोर रडवलंस आज. एवढं शहाणपण कुठून आणलंस?"

मास्तर हसले. मग फट आली, कोणाच्या तरी बोलण्याएवढी लांब. कवळीच्या स्पीकरवर त्या वेळात काहीच नव्हतं. मग मास्तर आणि बेकरी एकदम हसले.

कवळीनं बेकरीला फोन केला.

"हॅलो," बेकरी म्हणाला. "हॅलो? बोला की."

"मी बोलतोय. ऐक, तो मी नव्हतो."

"हॅलो? कोण आहे? नुसती खरखर येतेय." आणि ठेवून दिला.

लॅबमध्ये त्याच्याशी कोणी बोलेनासं झालं. तसं तिथं पूर्वीही कोणी फारसं बोलत नसे, म्हणून ते लक्षात यायला त्याला बरेच दिवस लागले. त्याच्या टेबलावरचे साचे त्यानं हात लावायच्या आत तयार होऊ लागले. काम सुबक होतं. इतकं सुबक त्याला कधी जमलं नव्हतं. डॉक्टरांनी चिठ्ठी पाठवली की असेच दात करत जा. ती चिठ्ठी त्याच्या जागेवर ठेवली होती, आणि ठेवणारा त्याच्या कोपरावरून हात नेऊन, त्याच्याकडे न बघता निघून गेला होता.

घरी जेवणाच्या टेबलावर दोन पानं असायची. एक बायकोचं. दुसऱ्याशी तो बसायच्या आत ते संपलेलं असायचं.

आणि बायको आनंदात होती. हे सगळ्यात वाईट होतं. ती गुणगुणायची. तिनं केस कापून घेतले आणि कोणीतरी ते लगेच ओळखलं होतं, असं ती आईला फोनवर सांगत होती. "हल्ली तो ऐकतो गं," ती म्हणाली. "खरंच. आधी मला वाटायचं मी भिंतीशी लग्न केलंय."

कवळी भिंतीशी उभा होता.

•

एका दुपारी घरात कोणी नसताना त्यानं टेबलाखालून डबा ओढला. तो गरम होता. हात लावून धरवत नव्हता. केबल कशालाच जोडलेली नव्हती. त्यानं ती सेटला जोडली.

"मला माझी जागा परत पाहिजे."

"पद्धत आहे," आवाज म्हणाला. "तुमचीच."

कवळीनं घसा साफ केला. दोन्ही हातांनी माइक धरला.

"इथं कोणी आहे का?"

"आहे."

"इथं कोणी आहे का?"

"आहे."

बराच वेळ त्याच्यानं तिसऱ्यांदा विचारवेना.

"इथं कोणी आहे का?"

"आहे," आवाज म्हणाला, तितक्याच सौजन्यानं. कवळीनं 'माफ करा' म्हणायची वाट तो पाहत असावा.

कवळीनं माफी मागितली नाही. त्यानं दातांच्या तारा कापायची पक्कड आणून केबल कापली, कापलेले तुकडे परत कापले, डबा जाड पोत्यात गुंडाळून जिन्यानं खाली नेला आणि इमारतीमागच्या कचऱ्यात टाकला. वाटेत सेक्रेटरी भेटले. ते जिन्याच्या बरोबर मधून वर येत होते. त्यांनी बाजूला व्हायची तसदी घेतली नाही. इतका सभ्य गृहस्थ. कवळीलाच कठड्याला चिकटून उभं राहावं लागलं.

तो वर आला तेव्हा बायको घरी आली होती. स्वयंपाकघरात दिवा होता. नळाचा आवाज येत होता.

"...आणि तो म्हणतो, मॅडम, आरसा कशाला, मागचे बघून घेतील की आपल्याला," ती सांगत होती. "ऐकतोयस ना?"

"ऐकतोय," कवळी म्हणाला. तो तिच्या शेजारी उभा होता, हात लावता येईल इतक्या जवळ.

"ऐकतोय. मग?" छोट्या खोलीतून आवाज आला.

ती हसली आणि पुढचं सांगू लागली.

त्या खोलीचं दार अर्धं उघडं होतं. खुर्ची पाठमोरी होती. टेबलावर चहाचा कप होता, आणि त्याच्यातून वाफ येत होती. मग येईनाशी झाली. कप रिकामा होता.

कवळी ओरडला. घसा फाटेस्तोवर ओरडला. ती डोळ्यांची पापणीही न हलवता पेला विसळत राहिली.

मग त्याला फट आठवली.

दोघांच्या बोलण्यामध्ये, श्वासाएवढी. तो गप्प उभा राहिला आणि वाट पाहू लागला. ती बोलली. खोली बोलली. ती बोलली. खोली फट ठेवत नव्हती. तिचं वाक्य संपायचं तिथं खोलीचं सुरू व्हायचं. तो थांबला. एखाद्या दाताचा साचा सुकायची वाट पाहावी तसा थांबला.

तिला शिंक आली. खोली बोलायची थांबली.

"मी इथं आहे," कवळी म्हणाला.

बायकोनं मान वर केली.

तिनं नळ बंद केला. तिची नजर त्याच्या चेहऱ्यावरून गेली, थोडी पुढे जाऊन परत आली, आणि नेमकी नाही, पण त्याच्या खांद्याच्या आसपास थांबली.

"काय म्हणालास?" ती म्हणाली.

"मी..."

"काही नाही," खोली म्हणाली. "खरखर आहे. जाईल."

"हं," बायको म्हणाली.

तिनं हात पुसले. बादलीतले पिळलेले कपडे उचलले, आणि दारामागून कपडे वाळत घालायचा नवा घडीचा स्टँड काढला. अँटेना वर गेल्यापासून तिची पंचाईत झाली होती. कवळी पॅसेजमध्ये मागे सरकला आणि अँटेना उभी असायची तिथं भिंतीला टेकला. दुसरीकडे जायला जागा नव्हती.

ती स्टँड घेऊन पॅसेजमध्ये आली आणि थबकली. त्याच्यासमोर, हातभर अंतरावर. का थबकली ते तिलाही कळलं नसावं. ती जरा हसली, एक हात मागे नेला आणि मास्तरांच्या गंभीर आवाजात म्हणाली:

"इथं कोणी आहे का?"

"आहे," कवळी म्हणाला.

ती कान देऊन उभी राहिली.

"इथं कोणी आहे का?"

"मी आहे. ऐकतेयस ना?"

तिसऱ्यांदा तिनं विचारलं तेव्हा आवाज मास्तरांचा नव्हता, तिचाच होता, आणि ती हसत नव्हती.

"इथं कोणी आहे का?"

कवळी काय म्हणाला ते आता सांगून उपयोग नाही.

"मोकळं आहे," खोली म्हणाली. "ठेव."

तिनं स्टँड उघडून भिंतीशी उभा केला, सरळ, आणि वाकून मोजे वाळत घालू लागली. एकेक, जोडीनं. मग दिवा मालवून आत गेली, छोट्या खोलीत, आणि दार लोटलं.

मोजे नीट पिळलेले नव्हते. थेंब पडत होते. कवळीनं खाली पाहिलं. ते त्याच्या पावलांवर पडत होते, आणि ओली होत होती ती खालची फरशी.